मान खाली, माणूस समोर
लेखमाला : रोलचे दिवस | लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण आग्फाचा क्लिक थ्री उघडून पाहिला. त्यात १२० चा रोल भरायचा, बारा चौकोनी फोटो निघायचे आणि फोकस-एक्स्पोजरची फारशी कटकट नसायची. आज त्याच रोलवर चालणारा, पण घड्याळाच्या बारकाईने घडवलेला कॅमेरा हाती घेऊ : ट्विन लेन्स रिफ्लेक्स, थोडक्यात टीएलआर. साठ-सत्तरच्या दशकांत तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत लग्नाचे, मुंजीचे, शाळेच्या ग्रुपचे फोटो बहुधा याच जातीच्या कॅमेऱ्याने निघत. कोणाकडे रोलीकॉर्ड असे, कोणाकडे याशिका.

हे कॅमेरे आज जुन्या बाजारातून, कुणाच्या माळ्यावरून, बंद पडलेल्या स्टुडिओतून पुन्हा बाहेर येत आहेत. घेणारे हौसेने घेतात, पुसतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की टीएलआर ही चालवण्याची वस्तू आहे. ती चालवली तरच टिकते, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याच्यावर रोल भरण्याची थोडी जबाबदारीही येते. हे का, ते ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या उजेडात उभं राहून समजून घेऊ.

दोन लेन्स, दोन कामं

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये पॉल फ्रांके आणि राइनहोल्ड हाइडेके यांच्या कारखान्याने १९२९ मध्ये पहिला रोलीफ्लेक्स काढला. पुढे जगभर त्याच घडणीवर कॅमेरे निघाले : जपानचे मिनोल्टा ऑटोकॉर्ड, मामिया आणि याशिका, रशियाचा लुबिटेल, चीनचा सीगल. भारतात हौशी माणसाच्या हाती आजही सहज लागतो तो याशिका मॅट १२४ जी. तो १९७० ते १९८६ या काळात बनत होता.

एकाखाली एक अशा दोन लेन्स असतात. खालची फोटो घेते, वरची फक्त दाखवते. वरच्या लेन्समागे पंचेचाळीस अंशांत आरसा बसवलेला असतो. तो प्रतिमा वर वळवतो आणि डोक्यावरच्या दुधी काचेवर पाडतो. झाकण उघडायचं, कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून काचेत पाहायचं. दोन्ही लेन्स एकाच पट्टीवर पुढेमागे सरकतात, म्हणून वर जे स्पष्ट दिसतं तेच खाली रोलवर स्पष्ट उमटतं.

काचेतली प्रतिमा सुलटी असते, पण डावं-उजवं उलटलेलं असतं. बैलगाडी उजवीकडे निघाली की काचेत ती डावीकडे जाते. पहिले काही रोल हात चुकीच्या दिशेला वळतो. मग शरीर ते आपोआप शिकतं.

दोन लेन्समध्ये चार-पाच सेंटिमीटर अंतर असतं. डोंगराच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही. एक मीटरवर बसलेल्या आजीचा चेहरा घेताना मात्र वरच्या लेन्सला दिसलेलं कपाळ खालच्या लेन्सच्या चौकटीतून निसटू शकतं. रोलीफ्लेक्समध्ये फोकससोबत सरकणारी चौकट ही चूक बरीचशी सावरते. इतर कॅमेऱ्यांत डोक्यावर थोडी जास्त जागा सोडावी. फिल्टरचंही असंच. तो खालच्या लेन्सवर लागतो, त्यामुळे त्याचा परिणाम काचेत दिसत नाही. तो आधी मनात पाहावा लागतो.

न हलणारा आरसा

एकाच लेन्सच्या एसएलआर कॅमेऱ्यात फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर उडतो आणि दृश्य काळं होतं. टीएलआरचा आरसा जागचा हलत नाही. शटर उघडून मिटतं त्या क्षणीही समोरचा माणूस काचेत दिसत राहतो. त्याने डोळे मिटले का, तो हसला का, हे तिथल्या तिथे कळतं.

शटरही वेगळं आहे. ते लेन्सच्या आतच असतं. धातूच्या पातळ पाकळ्या उघडतात आणि मिटतात, एक बारीक टिक्‌ ऐकू येते. धक्का जवळजवळ नाही, म्हणून कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्याला ताण देऊन पोटाशी घट्ट धरला तर १/१५ सेकंदालाही चित्र हलत नाही. कुडाच्या भिंती आणि उजेडाला एकच दार असलेल्या घरात याचं मोल कळतं. शिवाय कोणत्याही वेगाला फ्लॅश जुळतो. भर दुपारी टोपीखाली काळवंडलेला चेहरा हलक्या फ्लॅशने उजळता येतो.

सर्वांत मोठा फरक माणसाला पडतो. डोळ्याला लावलेला कॅमेरा फोटो काढणाऱ्याचा चेहरा झाकतो. टीएलआरवाल्याचा चेहरा उघडा असतो. तो मान खाली घालतो, वर पाहून दोन शब्द बोलतो, पुन्हा मान घालतो. पाड्यावर ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसासमोर या दोन पद्धतींनी उभं राहून पाहा. दुसऱ्या पद्धतीत खांदे सैल पडतात आणि बोलणं थांबत नाही.

कॅमेरा कमरेच्या उंचीवर असल्याने नजरही खालून येते. आवणीला वाकलेली बाई, बांधावर बसलेला गडी, अंगणातलं पोर यांच्याकडे वरून पाहिलं जात नाही. इरलं घेऊन खाचरात उभा असलेला माणूस आभाळाच्या पार्श्वभूमीवर उंच दिसतो.

बारा चौकोन

१२० चा रोल कोडॅकने १९०१ मध्ये आणला आणि तो आजही मिळतो. एकेकाळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोलही आपल्याकडे मिळायचे. आता बहुतेक रोल परदेशी आणि महाग असतात. एका रोलवर बारा फोटो, प्रत्येक साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटरचा. ३५ मिलिमीटर रोलच्या चौकटीपेक्षा हे क्षेत्र साडेतीन पटींहून जास्त आहे. सुरकुत्या, घोंगडीचे धागे, सागाच्या पानावरच्या शिरा मोठ्या प्रिंटमध्येही तुटत नाहीत, त्या यामुळेच.

चौकोनाला आडवं-उभं नसतं, म्हणून कॅमेरा फिरवावा लागत नाही. पण लांबलचक डोंगररांग चौकोनात बसवायची तर काहीतरी सोडावं लागतं. एकच सुळका घ्या, पायाशी भाताचं खाचर घ्या, आणि मधल्या जागेत आभाळाला श्वास घेऊ द्या.

उजेड मोजायला जुन्या कॅमेऱ्यातल्या मीटरवर विसंबू नये. १२४ जी च्या मीटरला लागणारा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. वेगळा मीटर किंवा मोबाइलमधलं मीटरचं ॲप चालतं, पण एक जुना नियम पाठच असू द्यावा. लख्ख उन्हात ॲपर्चर एफ/१६ ठेवा आणि शटर रोलच्या आयएसओच्या जवळपास. ४०० चा रोल असेल तर एफ/१६ आणि १/५००. पडवीच्या कडेला मोकळ्या सावलीत तोच रोल एफ/८ आणि १/२५० वर बसतो. पांढरा सदरा आणि सावळा चेहरा एकत्र असतील तर मीटर सदऱ्याला भुलतो आणि चेहरा काळा पडतो. चेहऱ्याजवळ जाऊन मोजा. कृष्णधवल निगेटिव्ह थोडा जास्त उजेड आनंदाने झेलते, कमी उजेडाला ती माफ करत नाही.

सकाळी माहुली, संध्याकाळी सह्याद्री

या दोन तालुक्यांची रचना फोटोवाल्याला एक सुंदर वेळापत्रक देते. आसनगाव-शहापूरहून पाहिलं तर माहुलीचा किल्ला पश्चिमेला येतो. सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून थेट त्याच्या अंगावर पडतं. नवरा, नवरी, भटजी आणि करवली अशा नावांचे सुळके तेव्हा एकमेकांपासून सुटे दिसतात. संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो आणि सगळं मिळून एक काळी आकृती उरते.

मुरबाडला नेमकं उलटं. तिथे सह्याद्रीची भिंत पूर्वेला आहे. सकाळी ती स्वतःच्याच सावलीत असते. दुपार कलली की सिद्धगड, गोरखगड आणि नाणेघाटाजवळचा नानाचा अंगठा उन्हात येतात आणि कातळातली एकेक घडी उघडी पडते. उन्हाळ्यात हवेत धुरकटपणा असतो. राब भाजण्याच्या दिवसांत धूरही असतो. कृष्णधवल रोल असेल तर पिवळा फिल्टर लावून एक स्टॉप जास्त द्या. नारिंगी लावला तर साधारण दोन. डोंगर आणि आभाळ वेगळे होतात.

म्हसा यात्रेच्या गर्दीत

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची, म्हणजे म्हसोबाची यात्रा भरते. बैलांचा बाजार आणि घोंगड्यांची खरेदी-विक्री यासाठी ती प्रसिद्ध आहे. बारा फोटोंचा कॅमेरा गर्दीत काय करणार, असं वाटेल. पण इथे वृत्तपत्र छायाचित्रकारांची एक जुनी युक्ती कामी येते. कॅमेरा उलटा करून दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि खालून दुधी काचेत पाहायचं. समोरच्या खांद्यांच्या वरून बैलांची शिंगं, रंगवलेल्या वशिंडांची रांग आणि सौदा करणारे हात दिसतात. फोकस आधीच चार-पाच मीटरवर लावून एफ/११ ठेवलं तर पुन्हा चाकाला हात लावावा लागत नाही.

या कॅमेऱ्याने किती मोठं काम होऊ शकतं याचा दाखला होमाई व्यारावाला यांचा आहे. १९१३ मध्ये नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईबाई १९४२ पासून दिल्लीत वृत्तछायाचित्रण करत होत्या. रोलीफ्लेक्स हा त्यांचा सोबती होता. स्वातंत्र्याच्या आसपासची कितीतरी दृश्यं आपण त्यांच्या नजरेने पाहतो. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. घाईच्या, धक्काबुक्कीच्या कामात त्यांनी हे यंत्र वापरलं, म्हणून ते फार संथ आहे ही सबब आपल्याला उरत नाही.

पावसाळा आणि बुरशी

ज्या भागातल्या तानसा-भातसाचं पाणी मुंबई पिते, तिथला पावसाळा कॅमेऱ्यासाठी कठीण असतो. हवेतला ओलावा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला आणि कॅमेरा अंधारात पडून राहिला की लेन्सच्या काचांवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरतात आणि काचेवरचं अस्तर खातात. उशीर झाला तर ती पुसूनही डाग राहतो.

कॅमेऱ्याचं मूळ चामड्याचं कव्हर देखणं असतं, पण जूनपासून कॅमेरा त्यातून बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. जेलने रंग बदलला की तव्यावर भाजून पुन्हा वापरा.

दर पंधरवड्याला कॅमेरा उजेडात काढा आणि एक सेकंदापासून १/५०० पर्यंत प्रत्येक वेग चालवा. न वापरलेल्या शटरमधलं वंगण घट्ट होतं आणि पाकळ्या चिकटतात. एक सेकंदाच्या वेगाला आतल्या दातेरी चाकांची सलग घरघर ऐकू आली तर शटर निरोगी आहे. ती मध्येच अडखळली तर कारागिराकडे न्या. स्वतः तेल सोडू नका, ते पाकळ्यांवर उतरतं.

विकत घेतानाही हीच कसोटी लावा. खालच्या लेन्समधून टॉर्चचा झोत टाका, शटर ‘बी’ वर उघडं ठेवा आणि मागून पाहा. बुरशी, धुकं, काचांचा सुटलेला जोड लगेच दिसतो. मग रोलच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावा आणि दूरच्या खांबावर फोकस करा. वरच्या काचेत आणि खालच्या कागदावर खांब एकाच वेळी स्पष्ट व्हायला हवा. जुन्या कॅमेऱ्याच्या सेल्फ टायमरला हात लावू नका, तो अडकला तर शटरही अडकतं.

हे सगळं जमलं की उरते एकच गोष्ट, आणि ती तंत्राची नाही. ज्याचा फोटो काढला त्याला प्रिंट द्या. ज्या घरांत आजोबांचा एकच फोटो आहे आणि तोही ओळखपत्रावरचा, अशी घरं या तालुक्यांत आजही आहेत. बारा चौकोनांतला एक तुमच्या हौसेचा असेल, दुसरा त्या घराच्या भिंतीचा असू द्या. कपाटातला कॅमेरा पुन्हा बाहेर काढायला याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

*पुढच्या लेखांकात : कृष्णधवल रोल घरी कसा धुवायचा, आणि मुरबाडच्या मे महिन्यात डेव्हलपर वीस अंशांवर आणायला माठातलं पाणी कसं उपयोगी पडतं.*