घरगुती अपारंपरिक ऊर्जा आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा सहभाग : प्रचाराकडून मोजमापाकडे

प्रस्तावना :

अपारंपरिक ऊर्जा हा विषय महाराष्ट्रातील महाविद्यालयांना नवीन नाही. १९८५ मध्ये महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, ही संस्था स्थापन झाली, तेव्हापासून सौरऊर्जा, बायोगॅस, पवनऊर्जा हे शब्द राज्यात रूढ होत गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य झाला आणि हे शब्द पाठ्यपुस्तकातही आले. तथापि विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष सहभाग बहुधा जनजागृती फेरी, भित्तिपत्रक स्पर्धा व पथनाट्य यांपुरताच राहिला.

आज परिस्थिती बदलली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजने'ने देशातील १ कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. या योजनेत पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट व त्यापुढील संचासाठी एकूण कमाल ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले. सौरऊर्जा चांगली आहे, हे आता कुटुंबांना पटवून द्यावे लागत नाही. आपल्या घराला किती क्षमतेचा संच लागेल आणि बसविलेला संच नीट चालतो आहे की नाही, हे त्यांना कळत नाही. ही उणीव भरून काढणे हे विद्यार्थ्यांच्या सहभागाचे खरे क्षेत्र आहे, असे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

१. योग्य क्षमतेचा निर्णय :

छतावरील १ किलोवॅट क्षमतेच्या संचाला साधारणतः १० चौरस मीटर सावलीमुक्त जागा लागते आणि त्यापासून वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे ४ युनिट वीज मिळते. एखाद्या कुटुंबाचा वापर हिवाळ्यात महिना ९० युनिट, एप्रिल-मेमध्ये १८० युनिट आणि वर्षाची मासिक सरासरी १२० युनिट आहे, असे समजू. या घराची गरज १ किलोवॅटच्या संचाने बहुतांशी भागते. परंतु कमाल अनुदान ३ किलोवॅटला मिळते, एवढ्याच कारणास्तव मोठा संच घेण्याचा मोह होतो. नेट मीटरिंग पद्धतीत जादा युनिट ग्राहकाच्या खात्यात जमा होतात, हे खरे आहे. मात्र वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर ग्राहक वीज खरेदीसाठी देत असलेल्या दरापेक्षा कमी असतो. परिणामी कर्ज काढून घेतलेल्या जादा क्षमतेची भरपाई लांबणीवर पडते.

हा हिशेब मांडण्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीची आवश्यकता नाही. बारा महिन्यांची वीजबिले, मोजपट्टी व होकायंत्र एवढे साहित्य पुरेसे आहे. बिलावरील मंजूर भार, मासिक वापर आणि वापरानुसार बदलणारे दरटप्पे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी सहज समजून घेऊ शकतो. भूगोलाचा विद्यार्थी छताची दक्षिण दिशा आणि पाण्याची टाकी, जिना किंवा शेजारच्या झाडाची दिवसभरातील सावली यांचा आराखडा काढू शकतो. सौर पटलातील घट एकसरीत जोडलेले असल्याने थोड्याशा सावलीनेही पटलाचे उत्पादन तिच्या प्रमाणापेक्षा अधिक घटते. म्हणून हा आराखडा संच बसविण्यापूर्वीच तयार होणे अगत्याचे आहे.

२. बसविलेल्या संचाची नोंद :

पटलावर लिहिलेली क्षमता घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्के कमी होते. विदर्भातील उन्हाळ्यात घटाचे तापमान ६० अंशांवर गेल्यास १० ते १४ टक्के घट अपेक्षितच असते. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यातील ढगाळ हवामानामुळे उत्पादन मोठ्या प्रमाणात उतरते. धूळ हे तिसरे कारण होय. यांपैकी कोणती घट स्वाभाविक आणि कोणती बिघाडामुळे, हे दैनंदिन नोंदीशिवाय ओळखता येत नाही.

इन्व्हर्टरवर दररोजचे युनिट दिसतात. ते एका वहीत लिहिणे, पटल धुण्यापूर्वीच्या व नंतरच्या आठवड्याची तुलना करणे आणि एकाच वस्तीतील पाच-सहा घरांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवणे, एवढ्या कामातून भौतिकशास्त्राचा उत्तम क्षेत्रीय प्रकल्प उभा राहतो. इतर घरांचे उत्पादन स्थिर असताना एकाच घराचे घटले, तर हवामानाला दोष देता येत नाही. तेथे तंत्रज्ञाला बोलावणेच योग्य ठरते.

एक गैरसमजही या निमित्ताने दूर होऊ शकतो. ग्रीडला जोडलेला, बॅटरी नसलेला संच वीजपुरवठा खंडित होताच बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला विजेचा धक्का बसू नये, यासाठी केलेली ही तरतूद आहे. भारनियमनात घर उजळेल या आशेने संच घेतलेल्या कुटुंबाला हे अगोदर माहीत असणे आवश्यक आहे.

३. बायोगॅस व सौर जलतापक :

ग्रामीण भागातील बायोगॅस संयंत्रांचा अनुभव याच दृष्टीने बोधप्रद आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीच्या संयंत्राचा प्रसार केला आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. संयंत्रे बांधली गेली; मात्र अनेक ठिकाणी ती पुढे बंद पडली. २ घनमीटर संयंत्राला दररोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. गोठ्यातील जनावरे कमी झाली, नळीला गळती लागली किंवा थंडीत गॅस घटला, की घरचे लोक पुन्हा चुलीकडे किंवा सिलिंडरकडे वळतात. अशा संयंत्रांची गावनिहाय पाहणी करून बंद पडण्याचे कारण नोंदविणे हे अर्थशास्त्र व गृहविज्ञान विभागांना सहज करता येण्याजोगे काम आहे. शहरी घरांसाठी पुण्याच्या 'आरती' या संस्थेने खरकट्या अन्नावर चालणारे लहान संयंत्र विकसित केले व त्यास २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. तेथेही रोज काय व किती घातले, याची नोंद निर्णायक ठरते.

सौर जलतापकाचे गणित वर्गातच मांडता येते. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ४ युनिट ऊर्जा लागते. विजेच्या गिझरशी याची तुलना करताच बचत स्पष्ट होते.

४. विद्यार्थी सहभागाची उदाहरणे :

अमेरिकेत २००२ मध्ये सुरू झालेल्या 'सोलर डेकॅथलॉन' स्पर्धेत विद्यार्थी सौर घर बांधतात आणि त्या घरातील तापमान, उपकरणांचा वापर व ऊर्जेचा ताळेबंद प्रत्यक्ष मोजला जातो. आयआयटी मुंबईचा विद्यार्थी संघ २०१४ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे या स्पर्धेच्या युरोपीय आवृत्तीत उतरला होता. याच संस्थेच्या सौर दिवा उपक्रमात दिव्यांची जोडणी व दुरुस्ती स्थानिक लोकांकडे सोपविण्यात आली. वस्तूबरोबर तिची निगा राखणारे हातही गावातच तयार झाले पाहिजेत, ही त्यामागील दृष्टी सामान्य महाविद्यालयांनाही अनुकरणीय आहे.

५. अभ्यासक्रमाशी सांगड व मर्यादा :

या कामासाठी स्वतंत्र निधीची वाट पाहण्याची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजनेतील स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावयाची असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभागास श्रेयांकही मिळतात. एका विद्यार्थ्याकडे दोन घरे व एक नोंदवही, आणि पुढील तुकडीकडे तिचे रीतसर हस्तांतरण, एवढी व्यवस्था पुरे आहे. हस्तांतरण नसेल तर वर्षाअखेर नोंद तुटते आणि ऋतूंची तुलना अशक्य होते.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतील. विद्यार्थ्यांनी वायरिंगला हात लावू नये, कठडा नसलेल्या छतावर जाऊ नये आणि बायोगॅसच्या टाकीत कधीही उतरू नये. कोणत्याही विक्रेत्याची शिफारस करू नये. कुटुंबाच्या बिलातील माहिती संमतीविना इतरत्र वापरू नये. या मर्यादांची जबाबदारी मार्गदर्शक प्राध्यापकांवर राहील.

समारोप :

घरगुती ऊर्जासाधनांवर कुटुंबाची बचत खर्च होते व त्यात सार्वजनिक अनुदानाचीही भर पडते. साधन बंद पडले तर पैसा वाया जातोच, शिवाय शेजारच्या दहा घरांचा त्या तंत्रावरील विश्वासही उडतो. हे टाळण्यासाठी घोषणांपेक्षा नियमित नोंदींचा उपयोग अधिक आहे. शास्त्र, वाणिज्य व कला या तिन्ही शाखांचे विद्यार्थी हे काम आपापल्या विषयाच्या आधारे करू शकतात. त्यातून कुटुंबाला योग्य निर्णयासाठी आधार मिळेल आणि विद्यार्थ्याला पुस्तकातील किलोवॅट व युनिट या संज्ञांचा अर्थ प्रत्यक्ष व्यवहारात उमजेल.