पडद्यावर सरकणारे काळे पट्टे
(कॅमेऱ्याची ओळख : साप्ताहिक लेखमाला)

मागच्या आठवड्यात शटरचा वेग समजून घेतला. आज त्याचं रोज उपयोगी पडणारं काम. जबलपुरात गणेशोत्सवाच्या मंचामागे एलईडी वॉल लागते, गाणं रंगतं, आणि पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना पाठवलेल्या व्हिडिओत गायिकेच्या मागे पट्टे सरकत राहतात. घरी टीव्ही किंवा कॉम्प्युटरचा पडदा टिपला तरी तेच. बिघाड ना पडद्यात असतो, ना फोनमध्ये. दोघांची लय जुळलेली नसते, एवढंच.

अभिनेते प्रेमनाथ यांच्या इथल्या, जबलपुरातल्या एम्पायर टॉकीजमध्ये ज्यांनी सिनेमे पाहिले, त्यांच्यासमोर सेकंदाला २४ चित्रं येत. प्रोजेक्टरचं दोन पात्यांचं शटर प्रत्येक चित्र दोनदा दाखवी, म्हणजे ४८ उघडझाप. डोळ्याला तो सलग उजेड वाटे. कॅमेऱ्याला मात्र शटर उघडं असेल तेवढाच क्षण दिसतो, आणि त्या क्षणी पडद्याचा एखादा भाग विझलेला असला तर तो काळाच उमटतो.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हे फार ठळक दिसे. आपल्या पॅल पद्धतीत किरण सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवी. २४ फ्रेमच्या फिल्म कॅमेऱ्याची दुप्पट ४८. उरलेल्या दोनाच्या फरकामुळे पट्टा सेकंदाला दोनदा फिरे. म्हणून जाणते छायालेखक असं दृश्य २५ फ्रेमवर, १/५० सेकंदाच्या शटरनं घेत.

आजचा एलसीडी पडदा चित्र धरून ठेवतो. पण ब्राइटनेस कमी केला की बरेच पडदे मागचा दिवा भराभर चालू-बंद करून उजेड घटवतात. तेव्हा आधी ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि चित्र फार उजळ झालं तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) उतरवा. शटर वाढवू नका. पट्टे तिथूनच येतात.

खरा पेच आपल्या देशातल्या खोलीत आहे. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॉम्प्युटरचा पडदा मात्र बहुधा ६० हर्ट्झवर चालतो. १/५० ठेवलं तर दिवा शांत आणि पडदा बिथरलेला, १/६० ठेवलं तर उलट. डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय मिळाला तर तोच घ्या आणि २५ फ्रेमवर चित्रीकरण करा. नसेल तर ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात ३० फ्रेम, १/६०. नुसता फोटो हवा असेल तर १/२० सेकंद उत्तम: तेवढ्यात पडदा बरोबर तीनदा ताजा होतो आणि दिवा पाचदा लुकलुकतो. फोन मात्र स्टँडवर हवा.

एलईडी वॉलचं गणित वेगळं. ती ओळी-ओळींनी पेटते, तीही फार वेगानं. ऑटोवरचा फोन तिच्या झगमगाटाला बिचकून शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान करतो आणि अर्ध्या ओळी निसटतात. प्रो मोडमध्ये १/५० पक्कं करा. वॉल चालवणाऱ्या मुलाला रिफ्रेश रेट वाढवायला जरूर सांगा. १९२० ऐवजी ३८४० हर्ट्झ मिळाला तर फरक लगेच दिसतो. हे काम साउंड चेकच्या वेळीच व्हावं, कारण एकदा निवेदकाच्या हाती माइक गेला की त्या मुलाला तुमच्याकडे पाहायला सवड नसते.