आईची खडी आणि माझा पेपर

एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलं तेव्हा 'सार्वजनिक धोरण' हा पेपर मला सोपा वाटला होता. त्यात रोजगार हमी योजना होती. १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे, १९७७ चा कायदा, शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातली मजुरी भागवण्याची कल्पना. सारं पाठ झालं. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

सुट्टीत घरी गेल्यावर मोठ्या हौसेनं आईला ते वाचून दाखवलं. तिनं कित्येक उन्हाळे याच योजनेवर खडी फोडलेली.

"काम मागायला कागद द्यावा लागतो व्हय? मुकादम या म्हणायचा, आम्ही जायचो."

अर्ज नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून भत्ता नाही. ही मेख माझ्या एकाही टिपणात नव्हती. (टिपणं तरी कुठं उन्हात बसली होती म्हणा!) परीक्षेत त्यावर मी पानभर लिहिलं, आईचं नाव न घेता. गुण बरे पडले. निकाल सांगितला तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "मागचा भत्ता आता मागता येतो का रे?"