शंभर दाण्यांचं गोणपाट

मे संपत आला की आमच्या अनसिंगच्या घरी ओसरीत, रांजणाजवळच्या गारव्यात, ओल्या गोणपाटाच्या तीन गुंडाळ्या उभ्या असतात. प्रत्येकीत घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या दहा ओळी. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, एवढंच काम.

खरी कसोटी दाणे मांडताना लागते. निवडायचं नाही, हा नियम. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ काढायची आणि हाताला येईल तो दाणा ओळीत ठेवायचा. पहिल्या वर्षी माझी बोटं आपोआप टपोऱ्या, पिवळ्याधमक दाण्यांकडे जात होती. शिकवायला आलेल्या साहेबांनी काही न बोलता सगळ्या ओळी मोडल्या आणि पुन्हा मांडायला लावल्या. शेतात तिफणीच्या नळीतून दाणा निवडून पडत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

हे शिकायची वेळ आली ती 2020 च्या खरिपात. आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात उभं सोयाबीन भिजलं होतं. तेच बी आम्ही न तपासता पेरलं. आठ दिवसांनी तासात रोपं कमी आणि रिकाम्या जागा जास्त. त्या वर्षी सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर होत्या. आम्हाला दुबार पेरणी करावी लागली. खर्च दुप्पट झालाच, पण हातचा वापसा गेला तो गेलाच.

सोयाबीनचा दाणा फार नाजूक. टरफल पातळ, आणि कोंबाचं मूळ त्याच्या अगदी आतल्या बाजूला टेकलेलं. पोतं ट्रॉलीतून आपटलं तरी आत इजा होते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून बियाण्याचं सोयाबीन मळताना, ओलावा 13 टक्के असेल तर, मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 300 ते 400 च ठेवायचे. मजुरांना घाई असते, तिथेच उगवण जाते.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 चं. त्याच्या अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रातून सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा हे वाण आले. त्याआधी कितीतरी वर्षं आमच्याकडे जबलपूरचं जेएस-335 च सगळीकडे. विद्यापीठ पैदासकार बियाणं तयार करतं, त्यापासून पायाभूत, मग प्रमाणित. महाबीज आणि खासगी कंपन्यांचा सगळा धंदा त्या पहिल्या मूठभर दाण्यांवर उभा राहतो. ते मोठं काम आहेच. पण सोयाबीन स्वपरागसिंचित, एकदा घेतलेलं प्रमाणित बी दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं, आणि ते उगवणार की नाही हे कसं ओळखायचं ते गोणपाटाच्या तुकड्यावर दाखवून देणं मला त्याहून मोलाचं वाटतं. त्यासाठी अकोल्याला जावं लागत नाही. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि एकदा हाताला सवय लागली की तिथेही जावं लागत नाही.

यंदा सहाव्या दिवशी गुंडाळ्या उघडल्या. ओल्या तागाचा आणि कोंबाचा मिळून एक कच्चा, हिरवा वास येतो. नुसता मोड दिसला म्हणून दाणा मोजायचा नाही. मूळ सरळ आणि जाड हवं. बुटकं, पिळलेलं, टोकाला तपकिरी पडलेलं बाद. साठ, चौसष्ट, बासष्ट. सरासरी बासष्ट. सत्तर टक्के उगवणीला एकरी 30 किलो बी धरतात. बासष्टला ते 34 च्या आसपास जातं. पोत्यावर कोळशाने 34 लिहिलं.

शेजारच्या काकूंनीही त्यांची गुंडाळी आणली होती. आम्ही दोघांनी मोजले, अठ्ठेचाळीस निघाले.

"पुन्हा मोज बावा," काकू म्हणाल्या.

पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीसच.

त्या थोडा वेळ कुजलेले दाणे बोटाने बाजूला सारत बसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं, आताच समजलं. हे सारं बाजारात नेतो." पाऊस यायला अजून दोन आठवडे होते. नवं बी आणायला तेवढे पुरे होते. जाताना त्यांनी माझं तिसरं गोणपाट मागून नेलं. नव्या बियाण्याच्या थैलीचेही शंभर दाणे मांडून पाहायचे होते.