पाण्याखालचा गालिचा

(काचेच्या टाकीत मासे पाळलेले आपण नेहमी पाहतो. त्याच टाकीच्या तळाशी हिरवळही वाढवता येते. ही हिरवळ कशी वाढते, ती का कोमेजते आणि कोमेजलेली हिरवळ पुन्हा कशी जगवता येते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

'गालिचा' हा शब्द तुम्हांला परका नाही. फारसीतून तो उर्दूत आला आणि मराठीतही आला. दिवाणखान्यात अंथरलेला गालिचा तुम्ही पाहिला असेल. पण पाण्याखाली अंथरलेला गालिचा तुम्ही कधी पाहिला आहे का? तो लोकरीचा नसतो. तो जिवंत वनस्पतींचा असतो. त्याच्यावरून माणसे चालत नाहीत, मासे फिरतात.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असा एक गालिचा होता. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद अशी काचेची टाकी होती. तिच्यात बारा गप्पी मासे होते. तळाशी बारीक, हिरवेगार गवत पसरले होते. मधल्या सुट्टीत आम्ही मुले त्या टाकीभोवती गर्दी करत असू.

टाकीत अशी बाग फुलवण्याची कला जगभर लोकप्रिय केली ती जपानच्या ताकाशी आमानो यांनी. त्यांचा जन्म १९५४ साली झाला. ते उत्तम छायाचित्रकार होते. जंगले, डोंगर आणि नद्या यांचे सौंदर्य काचेच्या टाकीत उतरवावे, असे त्यांना वाटले. १९८२ साली त्यांनी या कामासाठी स्वतःची कंपनी सुरू केली. पोर्तुगालमधील लिस्बन येथील मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांबीची टाकी सजवली. तिच्यात १,६०,००० लिटर पाणी मावते. ही टाकी २०१५ साली लोकांसाठी खुली झाली. त्याच वर्षी आमानो यांचे निधन झाले.

आमच्या टाकीतील वनस्पतीचे नाव होते हेअरग्रास. हेअर म्हणजे केस आणि ग्रास म्हणजे गवत. तिची पाती खरोखरच केसांसारखी बारीक असतात. दिसायला ती गवत असली, तरी ती नदीकाठच्या लव्हाळ्याच्या कुळातील आहे. गालिच्यासाठी इतर वनस्पतीही लावतात. ग्लॉसोस्टिग्मा ही ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील वनस्पती आहे. क्यूबा देशातील एका वनस्पतीची पाने तर मोहरीच्या दाण्याएवढी असतात. आपल्याकडे भातखाचरांच्या कडेला मार्सिलिया नावाची वनस्पती उगवते. तिच्या प्रत्येक पानाला चार दले असतात. तिच्या काही जातीही टाकीच्या तळाशी पसरतात.

या वनस्पती गालिच्यासारख्या पसरतात, याचे कारण त्यांचे खोड. आपल्या मैदानावरची हरळी, म्हणजे दूब, आठवा. तिचे खोड जमिनीलगत आडवे धावते. थोड्या थोड्या अंतरावर त्याला मुळे आणि पाने फुटतात. अशा खोडाला 'धावते खोड' म्हणतात. हेअरग्रासचे खोडही असेच मातीतून आडवे धावते. एका झुबक्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा झुबका तयार होतो. काही महिन्यांत तळ झाकला जातो.

पण त्यासाठी चार गोष्टी हव्यात. पहिली गोष्ट म्हणजे योग्य माती. जाड खड्यांत बारीक मुळे धरत नाहीत. म्हणून एक ते तीन मिलिमीटरची बारीक रेती चार-पाच सेंटिमीटर जाडीने पसरतात. तिच्याखाली पोषक मातीचा थर देतात. दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाश. तो तळापर्यंत पोहोचला पाहिजे. रोज सहा ते आठ तास दिवा पुरतो. त्याहून जास्त वेळ दिवा ठेवला, तर शेवाळ माजते.

तिसरी गोष्ट म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. वनस्पती प्रकाशाच्या मदतीने या वायूपासून आणि पाण्यापासून आपले अन्न तयार करतात. हवेत पसरण्यापेक्षा पाण्यात हा वायू सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे दाट गालिच्याला तो अनेकदा कमी पडतो. आम्ही तो साध्या युक्तीने तयार करत असू. एका बाटलीत कोमट पाणी, साखर आणि चिमूटभर यीस्ट घातले. यीस्ट साखरेचे विघटन करते आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाटलीच्या झाकणातून एक बारीक नळी टाकीत सोडली. नळीतून बुडबुडे येऊ लागले. नळी मात्र कधीही बंद होऊ देऊ नये, कारण वायू कोंडला तर बाटली फुटू शकते.

हा वायू जास्त झाला तर मासे गुदमरतात. ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात. म्हणून सरांनी टाकीत एक छोटी काचेची घंटी टांगली होती. तिच्यात ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेले द्रावण होते. वायू कमी असला की ते निळे दिसे, योग्य असला की हिरवे आणि जास्त झाला की पिवळे. घंटी हिरवी दिसली की आम्ही निश्चिंत होत असू.

चौथी गोष्ट म्हणजे पाण्याचे तापमान. २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान या वनस्पतींना मानवते. पाणी तापले की त्यात विरघळलेले वायू कमी होतात आणि पाने कुजू लागतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नेमके हेच झाले. माशांना खाऊ घालण्याचे काम एकाला सांगितले होते. ते काम त्याने चोख केले. पण गवताचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. दिवा दिवसभर जळत राहिला. यीस्टची बाटली आठ-दहा दिवसांतच थंडावली. मे महिन्यात पाणी तापले. गवत आधीच खूप वाढले होते. त्याच्या वरच्या थराने खालच्या थराचा प्रकाश अडवला. खालची पाने आणि मुळे कुजली.

जून महिन्यात शाळा उघडली. आम्ही धावतच प्रयोगशाळेत गेलो. टाकीचे पाणी हिरवट झाले होते. गवत पिवळे पडले होते. त्याच्यावर शेवाळाचे धागे गुंडाळले होते. गालिच्याचे तुकडे सुटून वर तरंगत होते. मासे मात्र जिवंत होते.

"सर, हे सगळे फेकून देऊ या. प्लॅस्टिकचे गवत आणू या. ते कधी मरत नाही," एक मुलगा म्हणाला.

सरही विचारात पडले. एवढ्यात शाळेचे माळीचाचा तेथे आले. त्यांनी तरंगणारा एक तुकडा हातात घेतला. त्याची मुळे चिमटीत धरून पाहिली.

"मुलांनो, मुळे पाहिलीत का?" त्यांनी विचारले.

आम्ही पानेच पाहिली होती. मुळांकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

"ही बघा, पांढरी आहेत आणि टणकही आहेत. यात जीव आहे," चाचा म्हणाले. "मैदानावरची हरळी दर उन्हाळ्यात वाळते. पाऊस पडला की पुन्हा येते. वाळली म्हणून मी ती कधी उपटून फेकली नाही."

सर हसले. "चाचा बरोबर सांगत आहेत," ते म्हणाले. "पिवळे पान पुन्हा हिरवे होत नाही. पण खोडाचा कोंब जिवंत असला, तर नवे पान येते."

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दुकानात विकायला येणारी बरीच रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पाण्यात लावली की त्यांची जुनी पाने गळतात आणि पाण्याला मानवणारी नवी पाने येतात. पुष्कळ लोकांना वाटते की रोप मेले. ते घाईने उपटून टाकतात. थोडा धीर धरला असता, तर तेच रोप जगले असते.

मग आम्ही कामाला लागलो. प्रथम सगळे झुबके वेगळे केले. ज्यांची मुळे तपकिरी आणि मऊ झाली होती, ते बाजूला काढले. पांढऱ्या मुळांचे झुबके ठेवले. त्यांची पाती दोन सेंटिमीटर ठेवून बाकीची कापली, कारण कुजकी पाने पाणी आणखी खराब करतात. शेवाळाचे धागे जुन्या दातांच्या ब्रशावर गुंडाळून काढले. रबरी नळीने तळाचा गाळ ओढून घेतला. टाकीतले एक तृतीयांश पाणी बदलले. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवले होते, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो.

नंतर लावणी सुरू झाली. कोकणात भाताची रोपे लावतात, तशीच ही लावणी होती. पाच-सहा पातींचा एक झुबका चिमट्याने धरायचा, रेतीत तिरका खोचायचा आणि चिमटा हळूच बाहेर काढायचा. दोन झुबक्यांत तीन सेंटिमीटर अंतर ठेवायचे. सरळ खोचलेला झुबका लगेच वर येतो. माझे पहिले चार झुबके तरंगू लागले, तेव्हा ही गोष्ट मला समजली.

पहिले दोन आठवडे दिवा फक्त सहा तास लावला. थोड्याच पातींना जास्त प्रकाश लागत नाही. उरलेला प्रकाश शेवाळालाच मिळतो. यीस्टची नवी बाटली जोडली. टाकीचे झाकण काढून एक लहान पंखा पाण्यावरून फिरता ठेवला. त्यामुळे बाष्पीभवन वाढले आणि पाणी थंड झाले.

पहिल्या आठवड्यात काहीच दिसले नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. काही मुले कंटाळली. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने काचेला नाक लावून ओरडून सांगितले, "कोंब! हिरवा कोंब!" दोन झुबक्यांच्या मधल्या रेतीतून सुईएवढे एक पाते वर आले होते. धावते खोड धावू लागले होते.

पुढे नवी पाने थोडी फिकट येऊ लागली. सरांनी आम्हांला पानांची भाषा शिकवली. जुनी पाने आधी पिवळी पडली, तर बहुधा नायट्रोजन कमी आहे. नवी पाने फिकट पिवळी आली, तर बहुधा लोह कमी आहे. आम्ही लोहयुक्त खत थोडे थोडे दिले. रंग सुधारला. गवत वाढले की दर तीन-चार आठवड्यांनी ते कात्रीने कापू लागलो. कापल्यामुळे प्रकाश खालपर्यंत पोहोचतो आणि गालिचा दाट होतो.

कापलेले तुकडे आम्ही ओढ्यात टाकले नाहीत. चाचांच्या खताच्या खड्ड्यात टाकले. शोभेची वनस्पती नदी-तलावात गेली की काय होते, हे आपण जाणतो. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. शोभेसाठी ती देशोदेशी नेली गेली. आज आपल्याकडील कितीतरी तलाव आणि नद्या तिने झाकून टाकल्या आहेत.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जवळजवळ सगळा तळ हिरवा झाला. मोठ्या दगडामागचा एक कोपरा मात्र उघडाच राहिला. तेथे सावली असते. आम्ही तो तसाच ठेवला.

सुट्टीआधी आम्ही एक तक्ता तयार केला. कोणी कोणत्या दिवशी यायचे, दिवा कधी बंद करायचा, बाटली कधी बदलायची, हे सगळे त्यात लिहिले. पहिल्या दिवसापुढे आम्ही माळीचाचांचे नाव लिहिले. चाचांनी तक्ता पाहिला आणि खिशातून पेन्सिल काढली.

"मला दुसऱ्या दिवशी ठेवा," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तुम्ही या."

शब्दार्थ
अंथरणे - पसरणे. परका - अनोळखी. लव्हाळा - पाण्याकाठी वाढणारी गवतासारखी वनस्पती. भातखाचर - भाताचे शेत. झुबका - एकत्र वाढलेल्या पातींचा गुच्छ. माजणे - बेसुमार वाढणे. विघटन - घटक वेगळे होणे. निश्चिंत - काळजी नसलेला. चोख - नीट, न चुकता. कोंब - नवा अंकुर. बाष्पीभवन - पाण्याची वाफ होणे. मानवणे - सोसणे, अनुकूल असणे.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) टाकीतील बाग जगभर कोणी लोकप्रिय केली?
(२) धावते खोड म्हणजे काय?
(३) घंटीतील द्रावण पिवळे झाले तर काय समजावे?
(४) माळीचाचांनी झुबक्याचा कोणता भाग तपासला?

प्र. २. कारणे लिहा.
(१) टाकीतील दिवा दिवसभर लावून ठेवू नये.
(२) यीस्टच्या बाटलीची नळी बंद होऊ देऊ नये.
(३) कापलेले तुकडे मुलांनी ओढ्यात टाकले नाहीत.

प्र. ३. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) उन्हाळ्याच्या सुट्टीत गालिचा का बिघडला?
(२) मुलांनी झुबक्यांची लावणी कशी केली?
(३) "पहिल्या दिवशी तुम्ही या," असे चाचा का म्हणाले असतील?

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
जिवंत, बारीक, आडवा, उघडा, थंड.

प्र. ५. 'गालिचा', 'हवा', 'जमीन' हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आढळतात. असे आणखी पाच शब्द शोधून त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : हरळीचे एक धावते खोड कुंडीत लावा. दर आठवड्याला त्याची लांबी मोजून वहीत नोंद ठेवा.