‘वर्ष’ नावाचा एकच रकाना पुरत नाही: प्राचीन जपानची शकनामं वाचताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक एक्सेल शीट केली होती. एका बाजूला सातव्या-आठव्या शतकातल्या जपानमधल्या घटना, दुसऱ्या बाजूला इसवी सन. रूपांतराचे तक्ते तयार मिळतात, त्यामुळे दोन दिवसांत काम झालं. गाईड मॅडमनी शीट पाहिली आणि एवढंच विचारलं, “हे वर्ष कोणी लिहिलंय? आणि कधी?” मला उत्तर देता आलं नाही. आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे.

वर्ष सांगायच्या तीन पद्धती

जुन्या जपानी साधनांत वर्ष तीन प्रकारे येतं. पहिला प्रकार, सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष. दुसरा, साठ वर्षांचं चक्र. आपल्या पंचांगात प्रभव, विभव अशी साठ संवत्सरं असतात ना, तसंच. साठ वर्षांनी तेच नाव परत येतं, म्हणून नुसत्या नावावरून काळ पक्का होत नाही. इनारियामा इथल्या तलवारीवर असंच एक वर्ष कोरलंय. ते ४७१ की ५३१, यावर वाद झाला. आज बहुतेक अभ्यासक ४७१ मानतात. तिसरा प्रकार म्हणजे नेन्गो, दरबाराने जाहीर केलेलं शकनाव.

शकनाव म्हणजेच राजवट, असं आपल्याला वाटतं, कारण आज तसं आहे. २०१९ मध्ये नवे सम्राट आले आणि ‘रेइवा’ सुरू झालं. पण ‘एक सम्राट, एक शकनाव’ हा नियम १८६८ चा आहे. त्याआधी शुभशकुन, संकट, काहीही कारण चालायचं. मुसाशी प्रांतात तांबं सापडलं म्हणून ७०८ मध्ये ‘वादो’ आलं. ७४९ मध्ये तर कहर झाला. मुत्सु प्रांतातून सोनं आलं, मग सम्राट शोमूने गादी सोडली आणि मुलगी कोकेन सम्राज्ञी झाली. त्या एकाच वर्षात तेन्प्यो, तेन्प्यो-कान्पो आणि तेन्प्यो-शोहो अशी तीन शकनामं येतात.

‘ताइका’ची अडचण

पहिलं शकनाव ‘ताइका’, सन ६४५. पुढच्याच वर्षी सुधारणांचा मोठा हुकूम निघाला, देशाची विभागणी ठरली, वगैरे. हे सांगणारा ग्रंथ ‘निहोन शोकी’. तो पूर्ण झाला ७२० मध्ये. मधे पंचाहत्तर वर्षं गेलीत, हे लक्षात ठेवा.

आता गंमत बघा. ‘ताइका’नंतर ‘हाकुची’ येतं, मग मोठी पोकळी, ६८६ मध्ये थोड्या काळासाठी ‘शुचो’, पुन्हा पोकळी. सलग मालिका सुरू होते ती ७०१ च्या ‘ताइहो’पासून.

त्या हुकुमात जिल्ह्यासाठी ‘गुन’ हे अक्षर आहे. १९५१ मध्ये इनोउए मित्सुसादा या इतिहासकाराने शंका काढली की, हे अक्षर ७०१ च्या ताइहो कायद्यातलं आहे. त्याआधी जिल्ह्याला ‘ह्यो’ लिहीत असावेत. समोर होते त्यांचेच गुरू, साकामोतो तारो. वाद बरीच वर्षं चालला. मग १९६७ मध्ये फुजिवारा राजवाड्याच्या जागी एक मोक्कान, म्हणजे लिहिलेली लाकडी पट्टी, सापडली. पट्टी ६९९ ची, आणि तिच्यावर जिल्ह्यासाठी अक्षर होतं ‘ह्यो’. शिवाय वर्ष लिहिलं होतं ते साठाच्या चक्रातल्या नावाने.

म्हणजे ६४६ चा हुकूम आपल्यापर्यंत आलाय तो नंतरच्या भाषेत. याचा अर्थ ६४६ मध्ये काहीच घडलं नाही, असा नाही. पण जपानचं केंद्रीय राज्य एका हुकुमाने उभं राहिलं की पन्नासेक वर्षांत हळूहळू, या प्रश्नाचं उत्तर या एका अक्षरामुळे बदलतं.

कारकिर्दीचं वर्षही निष्पाप नसतं

तेन्जी सम्राटानंतर ६७२ मध्ये त्याचा मुलगा ओतोमो आणि भाऊ यांच्यात युद्ध झालं. भाऊ जिंकला, तोच तेन्मु. त्याचं राज्यारोहण ६७३ चं, पण ‘निहोन शोकी’ त्याचं पहिलं वर्ष ६७२ धरतं. ओतोमोला स्वतःची कारकीर्दच मिळत नाही. ग्रंथाच्या संपादनाचा प्रमुख होता राजपुत्र तोनेरी, तेन्मुचा मुलगा! पुढे १८७० मध्ये मेइजी सरकारने ओतोमोला ‘कोबुन’ हे नाव देऊन सम्राटांच्या यादीत बसवलं. तुम्ही आजची यादी समोर ठेवून सातवं शतक वाचत असाल, तर नकळत १८७० चा निर्णयही वाचताय.

मग करायचं काय?

माझ्या शीटमध्ये आता ‘वर्ष’ या एका रकान्याऐवजी चार रकाने आहेत: साधनात वर्ष जसंच्या तसं कसं लिहिलंय, ते साधन कधी तयार झालं, रूपांतर केलेला इसवी सन, आणि रूपांतर कशाच्या आधारे केलं. काम चौपट वाढलं, खोटं नाही सांगत. पण पहिल्या दोन रकान्यांत जिथे मोठं अंतर दिसलं, तिथेच मला माझा संशोधनाचा प्रश्न सापडला.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या विषयातली सगळ्यात ‘पक्की’ वाटणारी तारीख घ्या आणि मॅडमचा तो प्रश्न तिला विचारून बघा. काय सापडलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा.