साखरेची दारे

मुलांनो, सकाळी चपाती खाऊन तुम्ही शाळेत जाता आणि दुपारी मैदानावर धावता. ही शक्ती येते कोठून? चपातीतील पिठापासून पोटात ग्लुकोज नावाची साखर तयार होते. ती रक्तातून शरीरभर फिरते. पण नुसती रक्तात फिरून ती उपयोगी पडत नाही. ती पेशींच्या आत गेली पाहिजे.

प्रत्येक पेशीभोवती अतिशय पातळ, तेलकट पडदा असतो. ग्लुकोज पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून ते या पडद्यातून सहज जाऊ शकत नाही. त्यासाठी पडद्यात प्रथिनांची दारे असतात. त्यांना ‘वाहक प्रथिने’ म्हणतात. दार बाहेरच्या बाजूने उघडते व ग्लुकोजचा एक कण त्यात शिरतो. मग प्रथिन आपला आकार बदलते. बाहेरची बाजू मिटते, आतली उघडते आणि तो कण आत पोचतो.

मेंदूच्या पेशींची दारे नेहमी पडद्यावरच असतात. स्नायूंचे तसे नाही. त्यांची ‘ग्लूट-४’ नावाची बरीचशी दारे पेशीच्या आत छोट्या पिशव्यांत असतात. जेवणानंतर स्वादुपिंड रक्तात इन्सुलिन सोडते. त्याचा निरोप मिळताच ही दारे पडद्यावर येतात. इन्सुलिन कमी पडले, किंवा स्नायूंनी त्याचे ऐकले नाही, तर साखर रक्तातच साचते आणि मधुमेह होतो.

हा आजार फक्त लठ्ठ माणसांना होतो, असे अनेकांना वाटते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे बारीक होती. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती. शरीरात चरबी वाढली, की स्नायू इन्सुलिनचे नीट ऐकत नाहीत. म्हणून दिसायला बारीक असलेल्या माणसालाही मधुमेह होऊ शकतो.

यावर एक उपाय आपल्या हाती आहे. चालताना किंवा धावताना स्नायू काम करतात. तेव्हा इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहताही ही दारे पडद्यावर येतात. म्हणूनच डॉक्टर औषधाबरोबर रोज चालायलाही सांगतात. तुमच्या घरी कोणाला मधुमेह असेल, तर संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जा. त्यात त्यांचेही हित आहे आणि तुमचेही.